पंप गन अडकली तर आधी काडतूस बघा, मग बंदूक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राळेगावकडच्या वावरात तुरीच्या जागलीवर होतात, वनखात्याची परवानगी हातात होती, रानडुकरावर नेम धरून बारा बोअरच्या पंप गनचा (नळीखालची मूठ, म्हणजे पंप, मागे-पुढे ओढून काडतूस बदलायची बंदूक) खटका ओढला तर नुसता 'टक' आवाज आला. लगेच पंप मागे ओढला तर काडतूस निम्मं बाहेर येऊन तिरपं अडकलं. आता बंदूक बिघडली समजून विकायची का?

भाऊ, विकू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून बंदूक बहुतेक ठीक आहे. दोष काडतुसात आणि पंप ओढण्याच्या पद्धतीत शोधा.

पण त्याआधी त्या 'टक'बद्दल बोलू, कारण मला काळजी त्याची वाटते. काडतूस ओल धरलेलं असेल तर कधी कधी टोपीवर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध असलेली, दारू पेटवणारी) घाव बसल्यावर दारू उशिरा पेटते. तेवढ्यात तुम्ही पंप ओढलात तर ते चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या बाहेर, तुमच्या तोंडाजवळ फुटतं. म्हणून बार उडाला नाही की नळी सुरक्षित दिशेला, शक्यतो धुऱ्याच्या मातीकडे, तशीच रोखून ठेवायची, गाल दस्त्यावरून काढायचा, बोट खटक्यावरून काढायचं आणि मनात साठ आकडे मोजायचे. डुक्कर गेलं तर जाऊ द्या. शेजारच्या वावरातही कोणीतरी जागलीला बसलेलं असतं, आणि एलजीचा, म्हणजे मोठ्या जनावरासाठीच्या काडतुसातला जाड छर्रा दीड-दोनशे मीटरवरही माणसाला जखमी करू शकतो.

'टक'ऐवजी 'फुस्स' असा दबका आवाज आला तर प्रकरण वेगळं आहे. तेव्हा काडतुसातली डाट (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) नळीत अडकलेली असू शकते. त्यावर दुसरा बार काढला तर नळी फाटते. बंदूक पूर्ण रिकामी करायची, नळी काढून उजेडाकडे धरायची, आरपार दिसलं तरच पुढचं बोलायचं.

आता तुमचं न उडालेलं काडतूस. टोपीवरचा खड्डा दिवसाच्या उजेडात नीट बघा. खड्डा खोल आणि बरोबर मधोमध असेल तर बंदुकीनं तिचं काम केलं, काडतूसच मेलेलं होतं. खड्डा उथळ किंवा अगदीच पुसट असेल तर घाव कमी पडला. त्याचं कारण बहुतेक वेळा पंप पूर्ण पुढे न जाणं, बोल्टात (काडतुसामागून चेंबर बंद करणारा सरकता ठोकळा) साचलेलं जुनं घट्ट ग्रीस किंवा झिजलेली फायरिंग पिन (टोपीवर घाव घालणारी सुई). पौषातल्या थंडीत घट्ट ग्रीस आणखी आळतं, हे आपल्याकडे हमखास होतं. बोल्ट कोरड्या फडक्यानं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब पुरे. जास्त तेल सोडलंत तर ते झिरपत टोपीत शिरतं आणि चांगलं काडतूसही मारून टाकतं.

निम्म्यात अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे पंप अर्धवट ओढणं. पंप पूर्ण मागे आला की एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यानं काठ धरून आणलेलं काडतूस इजेक्टरवर आपटून बाहेर पडतं, आणि मॅगझिनमधलं, म्हणजे काडतुसं साठवायच्या खालच्या नळीतलं, पुढचं सुटून उचलणीवर (काडतूस वर उचलणारी पट्टी) येतं. हात अंधारात, घाबरत, दोन बोटं अलीकडेच थांबला की जुनं बाहेर पडत नाही आणि कधी नवं त्याच्या पोटात घुसतं. हळुवारपणा इथे कामाचा नाही. मागे पूर्ण टोकापर्यंत, पुढे पूर्ण टोकापर्यंत, दोन्ही वेळा ठामपणे. याचा सराव घरी दारू नसलेल्या नकली काडतुसांवर करा, खऱ्या काडतुसांवर नको. आणि बार न काढताच पंप घट्ट बसला असेल तर ते अडकणं नव्हे. आतला घोडा चढलेला असताना पंपाला कुलूप लागतं. खटक्याच्या जाळीजवळचं छोटं बटण दाबल्याशिवाय तो हलत नाही. नवीन पंप गन घेतलेले बरेच जण इथेच जोर लावतात.

पंप नीट ओढूनही काडतूस निघत नसेल तर ते फुगलंय का बघा. मॅगझिनच्या टोकाचं झाकण उघडून नळी वेगळी करा आणि एकेक काडतूस चेंबरमध्ये सोडा. स्वतःच्या वजनानं आत गेलं पाहिजे आणि नळी उलटी केली की बाहेर पडलं पाहिजे. दाबावं लागलं तर ते बाजूला काढा. पावसाळ्यात ट्रंकेत खताच्या पोत्याजवळ ठेवलेली काडतुसं फुगतात. चामडी पट्ट्यात वर्षभर खोचलेल्यांच्या पितळी बुडावर हिरवट थर चढतो, तोच चेंबरला चिकटतो. तेव्हा हवाबंद डब्यात, कोरड्या जागी ठेवा. मोजमापही तपासा. ६५ मिमी आणि ७० मिमी अशी दोन्ही मिळतात. ७० च्या चेंबरमध्ये ६५ चालतं, उलट कधीच नाही. घरातल्या जुन्या दुनळीचं चेंबर बरेचदा ६५ चं असतं, आणि ७० चं काडतूस त्यात बसतंही, कारण लांबी उडाल्यानंतरची मोजलेली असते. बसलं म्हणून चाललं असं समजू नका, दाब धोकादायक वाढतो.

जागलीवर निघण्याआधी, बंदूक रिकामी असताना, नळीतून एकदा आरपार बघायचंच. काळी माती तोंडात भरलेली असते. भिंतीला टेकवून ठेवलेल्या बंदुकीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, ते मी पाहिलेलं आहे. अडथळा असताना बार काढला तर नळी चिरते.

एवढं करूनही घाव उथळच पडला तर गावातल्या वेल्डरकडे नेऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्तीलाही परवाना लागतो. शस्त्र परवानाधारक दुकानदाराकडेच न्या आणि दुरुस्तीची पावती जपून ठेवा.

रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) पडलं तर लगेच वनरक्षकाला कळवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली मारण्याची परवानगी मिळते, पण कलम ३९ प्रमाणे मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं. मांस घरी नेलं तर परवानगी असूनही गुन्हा लागतो.

टोपीवरचा खड्डा कसा आहे आणि बाकीची काडतुसं नळीत सुटतात का, ते बघून कळवा. खड्डा उथळ निघाला तर बोल्ट कसा उघडून साफ करायचा ते सांगतो.