पिलाटीस घरीच करायचंय, पण व्हिडिओ कुठला लावू?

मागच्या अंकात पाठदुखीवर लिहिताना पिलाटीसचा (म्हणजे श्वासाच्या तालात, सावकाश करायचा पोट-पाठीच्या ताकदीचा व्यायाम) नुसता उल्लेख केला होता, तर त्यावरच इतके मेसेज आले की ह्यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न: मॅडम, मी ३६ वर्षांची, घरात सासू-सासरे धरून सात माणसं, खाली माग आहे, दिवसभर खटखट चालू असते. पोरं शाळेला गेली की अर्धा तास मिळतो तेवढाच माझा. यूट्यूबवर पिलाटीस टाकलं की ढीगभर व्हिडिओ येतात, कुणी म्हणतंय २८ दिवसांत पोट सपाट, कुणी भिंतीला पाय लावायला सांगतंय, कुणाच्या हातात रिंग. एक लावून केला तर दुसऱ्या दिवशी मानच धरली. आता कुठला धरायचा ते सांगा की. (वडगाव, बेळगाव)

उत्तर: ताई, मान धरली म्हणजे बहुतेक डोकं उचलून करायचे प्रकार पहिल्याच दिवशी झाले, आणि वर आडवं पडून फोन बघायला मान वळवत राहिलात. पिलाटीसमधला सगळ्यात फेमस प्रकार म्हणजे ‘हंड्रेड’. पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलायचे, हात खालीवर हलवत पाच मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, पाच मोजेपर्यंत सोडायचा, असं दहा वेळा, म्हणून शंभर. जुन्या क्रमात हा पहिलाच येतो त्यामुळं बरेच व्हिडिओ त्यानंच सुरू होतात, पण पोटात अजून ताकद नसली की सगळा भार मानेवर येतो. हेच डोकं खाली ठेवून, गुडघे मोडून, पाय जमिनीला टेकवून करता येतं, आणि सुरुवातीचे काही आठवडे तसंच करायचं, त्यात कमीपणा काही नाही.

म्हणून व्हिडिओ आधी एकदा चहा पीत नुसता बघा, करू नका. शिकवणारी बाई ‘डोकं खाली ठेवलं तरी चालेल’ असं म्हणते का, अवघड प्रकार आला की सोपा पर्याय दाखवते का, श्वास कधी घ्यायचा कधी सोडायचा ते बोलते का, एवढं तपासायचं. नुसतं म्युझिक लावून करून दाखवणारे व्हिडिओ दिसायला छान असतात पण नवख्या माणसाच्या उपयोगाचे नाहीत, कारण पाठीवर झोपलेलं माणूस स्क्रीन बघणार कसं, त्याला ऐकूनच करायला लागतं. ह्यात आपण बेळगाववाले नशीबवान, मराठी कन्नड हिंदी तिन्ही कानाला सवयीच्या, त्यामुळं जी शिकवणारी नीट समजतेय ती धरायची, भाषा कुठलीही असो. मागाच्या आवाजात ऐकू येणार नाही तर कानात इअरफोन घाला.

वेळ पंधरा ते वीस मिनिटांचा पुरे. प्रत्येक प्रकार सहा ते दहा वेळा, सावकाश. उड्या असतील, ‘फॅट बर्न’ असेल, डोक्यावरून पाय मागं नेणारा प्रकार असेल (रोल ओव्हर म्हणतात त्याला) किंवा हातपाय दोन्ही हवेत उचलून इंग्रजी व्हीसारखं बसायचा टीझर असेल, तर तो व्हिडिओ आत्ता तुमचा नाही, मग थंबनेलवर बिगिनर लिहिलेलं असू दे नाहीतर अजून काही.

चांगल्या सुरुवातीच्या व्हिडिओत काय असतं सांगते. आधी गुडघे मोडून पाठीवर झोपायचं, तळवे बरगड्यांवर ठेवून श्वास बाजूला पसरतोय का बघायचं. मग कंबरेखालची पोकळी श्वास सोडताना हळूच जमिनीला लावायची आणि परत सोडायची. मग ब्रिज, म्हणजे पाय टेकलेले ठेवून कंबर वर. त्यानंतर एकेक पाय गुडघ्यात मोडलेलाच ठेवून वर उचलायचा आणि अंगठा जमिनीला टेकवून आणायचा, आणि इथं खरी परीक्षा, पाय खाली जाताना पाठीची कमान वाढायला लागली तर पाय तेवढा खाली न्यायचाच नाही, जिथवर पाठ गप्प राहते तिथवरच. मग कुशीवर वळून गुडघे उघडायचे-मिटायचे, हातागुडघ्यांवर येऊन पाठ वाकवायची-सोडायची, संपलं. दिसायला काहीच नाही असं वाटतं. सावकाश करून बघा मग कळेल.

भिंतीचं म्हणाल तर तो प्रकार वाईट नाही, पाय कुठं ठेवायचे ते समजायला नवख्याला सोपं पडतं, फक्त गुडघे दुखत असतील तर भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसायचं तेवढं टाळा. आणि भिंत रिकामी पाहिजे, आपल्या घरात एका भिंतीला कपाट, दुसरीला टीव्ही, तिसरीला देव. २८ दिवसांचं मात्र सोडा. पिलाटीसनं पोट आवळून धरायची ताकद येते, उठणं-बसणं सुधारतं, वजन उतरायला मात्र चालणं आणि ताटाकडं बघणं लागतंच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं वगैरे आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, तर पिलाटीस त्या दुसऱ्या खात्यात मोडतं असं धरा. आठवड्यात तीन दिवस केलंत तरी खूप झालं. एकच व्हिडिओ महिनाभर करा, रोज नवा शोधत बसू नका, त्यातच तुमचा अर्धा तास जाईल.

प्रश्न: माझं वय ५८. चाळीसेक वर्षं विड्या वळल्या, आता पाठीला पोक आलाय. डॉक्टरांनी तपासून हाडं ठिसूळ झालीत म्हणून गोळ्या दिल्यात. सुनेनं पिलाटीसचा व्हिडिओ पाठवलाय, ती करते तेच मी केलं तर चालेल काय? (निपाणी)

उत्तर: नाही मावशी, तोच नको. सुनेच्या व्हिडिओत पाठ गोल करून उठायचे, वाकून पायाची बोटं धरायचे प्रकार असणार, आणि हाडं ठिसूळ असताना मणका पुढं जोरात वाकवणं हेच टाळायचं असतं, मणक्याचं हाड दबायची भीती असते. तुमची पाठ आयुष्यभर पुढंच वाकलीय, तिला आता मागं जायला शिकवायचंय. पोटावर झोपता येत असेल तर कपाळ हातावर टेकवून, हात न दाबता छाती दोन बोटं उचलायची आणि खाली ठेवायची. ब्रिज चालेल पण कंबर थोडीच उचला. जमिनीवर बसून उठणं जड जात असेल तर खाली उतरूच नका, भक्कम खुर्ची घ्या, प्लास्टिकची नको ती सरकते. खुर्चीच्या टोकाला ताठ बसून खांदे मागं घेत श्वास सोडायचा, हात न टेकता उभं राहायचं आणि सावकाश बसायचं, भिंतीला पाठ लावून हात वर सरकवायचे. सुनेला शेजारी उभी करा पहिल्या वेळी.

शोधताना ‘खुर्चीवरचं पिलाटीस’ किंवा ‘ऑस्टिओपोरोसिस पिलाटीस’ (ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं ठिसूळ होणं) असं टाकायला सांगा तिला, आणि सुरू करायच्या आधी गोळ्या दिलेल्या डॉक्टरांना एकदा व्हिडिओच दाखवा, नुसतं ‘व्यायाम करू का’ विचारलं तर ते ‘करा’ म्हणणारच. अचानक पाठीत कळ आली तर थांबायचं, शेक घेत बसायचं नाही, दाखवायचं.

प्रश्न: दुसरं बाळ सिझेरियननं झालं, पाच महिने झालेत. पोट मधेच उंच दिसतं. पिलाटीस केलं तर चालेल ना? (तिलकवाडी)

उत्तर: चालेल, पण आधी एक बघा. गुडघे मोडून झोपा, डोकं थोडं उचला आणि बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं ठेवून चाचपा. दोनपेक्षा जास्त बोटं आत जात असतील किंवा मधली रेघ कण्यासारखी फुगून वर येत असेल तर पोटाचे स्नायू अजून फाकलेले आहेत, तेव्हा फिजिओथेरपिस्टला दाखवून मगच. तोवर डोकं उचलायचे, दोन्ही पाय एकदम उचलायचे, प्लँक (पालथं होऊन कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग तोलून धरणं), हे सगळं बंद. बरगड्यांचा श्वास, श्वास सोडताना लघवी रोखल्यासारखं खालून वर हळू आवळणं आणि सोडणं, टाच जमिनीवरून सरकवणं, एवढं करत राहा. खोकताना शिंकताना लघवी सुटत असेल तर लाजू नका, डॉक्टरना सांगा, त्याचेही व्यायाम आहेत. घरातल्या मोठ्यांनी पोट बांधायला सांगितलं असेल तर बांधा, आधार वाटतो, पण स्नायूंचं काम पट्टा करत नाही.

प्रश्न: मी उद्यमबागला लेथवर आहे, पूर्वी तालमीत जायचो. कंबर धरते म्हणून बायको तिच्यासोबत पिलाटीस करा म्हणते. मित्र हसूलालेत, बायकांचा व्यायाम म्हणून. (अनगोळ)

उत्तर: मित्रांना सांगा, ज्यानं हा व्यायाम काढला तो जोसेफ पिलाटीस पुरुषच होता, १८८३ साली जर्मनीत जन्मलेला, बॉक्सिंग करणारा. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये होता, जर्मन म्हणून त्याला छावणीत डांबलं, तिथं सोबतच्या कैद्यांकडून तो व्यायाम करून घ्यायचा. १९२६ च्या सुमारास न्यूयॉर्कला गेला, तिथं नाचणारे लोक दुखापती घेऊन त्याच्याकडं यायला लागले. बायकांचा शिक्का नंतर बसला.

तुमची अडचण वेगळी असणार. जोर-बैठका काढलेला माणूस झटक्यानं उचलतो, आणि झटका दिला की जे स्नायू जागे करायचेत ते झोपलेलेच राहतात. बायको सहा वेळा करेल तेवढ्या वेळात तुम्ही पंधरा काढाल, तर तसं नको, तिच्या मागं मागं करा. पाय पसरून ताठ बसता येत नसेल (लेथवाल्यांच्या मांड्या मागून आखडलेल्या असतात) तर बुडाखाली घडी घातलेलं घोंगडं घ्या आणि गुडघे किंचित मोडा. पायात मुंग्या येत असतील, कळ खाली पोटरीपर्यंत जात असेल तर मात्र व्हिडिओ नको, आधी दाखवून या.

प्रश्न: मॅट घ्यायलाच पाहिजे काय? जमखान्यावर जमत नाही का? आणि ते स्प्रिंगचं मशीन? (खानापूर)

उत्तर: जमखाना दुहेरी घालून जमतं, गादीवर मात्र नको, पाठ रुतते. फरशीवर सरकत असेल तर खाली रबरी जाळी टाका. मॅट घेणारच असाल तर योगाची ४ ते ६ मिलिमीटरची असते ती पाठीवर लोळायला पातळ पडते, १० मिलिमीटरच्या पुढची बघा. पावसाळ्यात तुमच्याकडं काहीच वाळत नाही तेव्हा गुंडाळून कोपऱ्यात ठेवू नका, दांडीवर टाका, नाहीतर बुरशीचा वास धरते. मशीनला रिफॉर्मर म्हणतात, महाग असतं आणि शिकवणारा समोर नसताना त्यावर चढायचं नाही. ते राहू दे.