रक्त नॉर्मल, तरी मणक्यात ल्युकेमियाची गाठ असू शकते का?

ताई, तुमच्या १९ वर्षांच्या भावाच्या पाठीत डी५ ते डी७ या छातीमागच्या मणक्यांपाशी मज्जारज्जूवर दाबणारी गाठ आहे. बायोप्सीत 'लिम्फोमाची शक्यता' (लसीका ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर) लिहिलंय, दुसऱ्या डॉक्टरांना क्लोरोमा (ल्युकेमियाच्या पेशींची गाठ) वाटतोय आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल आहे. मग हा ल्युकेमिया कसा, आणि गाठ पूर्ण काढली तर भागेल का, हे तुम्ही विचारलंय.

आधी तातडीचं. पायातली ताकद कमी होत असेल, लघवी तुंबली असेल किंवा सुन्नपणा वर चढत असेल, तर ओपीडीची तारीख येईपर्यंत थांबू नका. नागपुरातलं मेडिकल असो, एम्स असो, जिथे न्यूरोसर्जन आहेत तिथल्या कॅज्युअल्टीत त्याच रात्री न्या. पेशंट चालत असताना दाब उतरला तर चालणं बहुधा टिकतं, पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणं फार अवघड. डेक्सामेथासोनने सूज लवकर उतरते. बायोप्सी झालेलीच आहे, त्यामुळे स्टेरॉइडने निदान बिघडेल ही भीती आता आड येऊ देऊ नका.

आता मूळ प्रश्न. क्लोरोमा, म्हणजे आजचं नाव मायलॉइड सार्कोमा, ही एएमएलच्याच (ल्युकेमियाचा एक वेगाने वाढणारा प्रकार) अपरिपक्व पेशींची हाडाच्या मगजाबाहेर, म्हणजे बोन मॅरोबाहेर, जमलेली गाठ. ताजी कापली की काही वेळा हिरवट दिसते. तो रंग मायलोपेरॉक्सिडेज या एन्झाइमचा. मेंदूच्या आवरणाला चिकटून वाढली तर स्कॅनवर ती मेनिन्जिओमासारखी (त्या आवरणाच्याच गाठीसारखी) दिसते आणि मणक्यात असली तर लिम्फोमा किंवा क्षयासारखी. आपल्याकडे पाठीत गाठ म्हटलं की टीबीची औषधं सुरू होतात. पण टीबी बहुधा मणका आणि मधली चकती दोन्ही खातो, इथे चकती सहसा शाबूत असते. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये तेवढं नक्की बघा.

सीबीसी आणि मगज दोन्ही नॉर्मल असतानाही ही गाठ होऊ शकते. तरीही उपचार एएमएलचेच करायचे. नुसती गाठ काढून किंवा नुसतं रेडिएशन देऊन थांबलेल्या बहुतेक पेशंटना पुढच्या काही महिन्यांत उघड एएमएल होतो. म्हणून ऑपरेशन मज्जारज्जूवरचा दाब काढण्यापुरतं आणि तुकडा मिळवण्यापुरतं. 'सगळी गाठ निघाली ना?' या प्रश्नावर इथे फार काही अवलंबून नाही. केमो किती लवकर सुरू होते, त्यावर आहे.

निदान चुकलं तर बहुतेकदा पॅथॉलॉजीत चुकतं. साध्या रंगात या पेशी लिम्फोमासारख्याच दिसतात. सीडी४५ हा मार्कर (पेशीची ओळख पटवणारी खूण) दोन्हीत पॉझिटिव्ह येऊ शकतो, सीडी४३ सुद्धा. सीडी२० आणि सीडी३ निगेटिव्ह आणि सीडी४३ पॉझिटिव्ह असेल, तर हा क्लोरोमा आहे का, हे बघायलाच हवं. त्यासाठी एमपीओ, सीडी११७, सीडी३३, सीडी३४, सीडी६८ आणि लायसोझाइम हे मार्कर लावले आहेत का, ते रिपोर्टवर तपासा. नसतील तर लॅबकडून पॅराफिन ब्लॉक (बायोप्सीचा तुकडा बसवलेली वडी) मागून घ्या, नुसत्या स्लाइड पुरत नाहीत. ब्लॉक मेणाचा असतो आणि ते मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तो ठेवू नका. टी(८;२१) आणि इन्व्ह(१६) या गुणसूत्रांतल्या बदलांसाठीची फिश तपासणी याच ब्लॉकवर होऊ शकते, आणि पुढचा उपचार बराचसा त्यावर ठरतो.

सोबत बोन मॅरो आणि पाठीतलं, म्हणजे मज्जारज्जूभोवतीचं, पाणी तपासायला हवं. दाब मोठा असेल तर पाणी काढणं धोक्याचं, म्हणून आधी न्यूरोसर्जनना विचारूनच. प्लेटलेट साधारण ५०,००० च्या वर हव्यात. पाण्यातल्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचला पाहिजे. नळी बाहेर न्यायची असेल तर कोण नेणार, हे सुई लावायच्या आधीच ठरवा.

उपचाराचा गाभा म्हणजे ७ दिवस सायटाराबिन आणि ३ दिवस डॉनोरुबिसिन, नंतर मोठ्या डोसचं सायटाराबिन. मोठ्या डोसमध्ये ते मेंदू-मज्जारज्जूपर्यंत पोचतं. पाण्यात पेशी सापडल्या तर कमरेतून मेथोट्रेक्सेट किंवा सायटाराबिन देतात. दाब लगेच उतरवायचा असेल किंवा केमोनंतरही गाठ उरली तर रेडिएशन, बहुधा २० ते २४ ग्रे (रेडिएशनच्या डोसचं एकक). त्यासाठी केमो लांबवायची का, हे हिमॅटॉलॉजिस्टना (रक्तविकारतज्ज्ञांना) स्पष्ट विचारा.

दोन गोष्टी घाईत राहून जातात. तुम्ही सख्खी बहीण आहात, म्हणून तुमचं किंवा आईबाबांचं रक्त त्याला चढवू देऊ नका. पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायची वेळ आली तर तुम्हीच दाता ठरू शकता, सख्ख्या भावंडाचं एचएलए (दाता जुळतो का ते ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. रक्तपेढीत बदली रक्त मित्रांनी द्यावं. केमोने त्याच्या पांढऱ्या पेशी खाली जाण्याआधीच एचएलएचा नमुना काढून घ्या. दुसरं म्हणजे, १९ वर्षांच्या मुलाचे शुक्राणू केमोआधी साठवता येतात. एका दिवसाचं काम आहे, तब्येत तेवढा वेळ देत असेल तर जरूर करा. हा विषय तुम्हालाच काढावा लागेल.

पैशांसाठी, महात्मा फुले योजनेत असलेल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) पहिल्याच दिवशी भेटा. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सी रिपोर्ट सोबत ठेवा. मार्करचा रिपोर्ट आला की त्यातली नावं आणि प्लस-मायनस इथे टाका. भावाचं नाव आणि हॉस्पिटलचा नंबर तेवढा झाकून घ्या.