निकाल वाईट लागला तरी निर्णय बरोबर होता, ही फक्त स्वतःची समजूत नव्हे का?

नाही. सहा वर्षं हेच ऐकतेय, म्हणून लिहितेय.

बाबांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागे पेनाने हृदय काढलं आणि तीन ठिकाणी फुल्या मारल्या. म्हणाले, बायपासमध्ये शंभरातले तीन-चार जण दगावतात. नाही केली तर पुढचा झटका कधीही. मी दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवले. त्यांचंही तेच मत. बाबा म्हणाले, "करून टाका, असं पायऱ्या मोजत जगणं नको." संमतीपत्रावर त्यांच्या सहीखाली माझी सही आहे. पाचव्या दिवशी बाबा गेले.

तेव्हापासून दादाचं एकच पालुपद, "तू घाई केलीस."

याच दादाने त्याआधी एकदा, बाबा आजारी आहेत कळल्यावर, रात्रभर एकट्याने गाडी हाकली होती. दोनदा डुलकी लागली, एकदा चाक रस्त्याखाली उतरलं, हे त्यानेच सांगितलंय. त्याचं घरात आजही कौतुक होतं, कसा धावत आला! पोचला म्हणून कौतुक. ते वेडं धाडस होतं आणि ते मी आजही म्हणेन.

१९८८ साली बॅरन आणि हर्शी या संशोधकांनी जवळपास माझाच प्रसंग लोकांपुढे ठेवला होता. ५५ वर्षांचा माणूस, बायपास, जिवाचा धोका ८ टक्के. माहिती सगळी तीच, फक्त शेवट वेगळा. रुग्ण वाचला असेल तर डॉक्टरांच्या निर्णयाला लोक जास्त गुण देत, दगावला असेल तर कमी. हे वाचलं त्या दिवशी मी खूप रडले.

तुम्ही एवढं करा: काय माहीत आहे, कोणाला विचारलं, दुसरा कोणता मार्ग होता, हे निकालाआधीच तारीख घालून लिहून ठेवा. मी नंतर लिहिलं, त्यामुळे दादा म्हणतो, आता काय, काहीही लिहिशील.

हां, तेच तेच निर्णय दर वेळी अंगाशी येत असतील तर मात्र नशिबाला बोल लावू नका, निर्णयच तपासा. एका निकालावरून कळत नाही, वीसांवरून कळतं.

दादा, तू हे वाचशीलच. आदल्या संध्याकाळी जिन्यात तू मला म्हणालास, "तुला पटतंय ना, मग कर." ते मी कधी कोणाला सांगितलं नाही, कारण तेव्हा तूही बरोबरच होतास.