रोजा ठेवल्यावर शरीराला आणि मनाला नेमकं काय होतं?

तुम्ही विचारलंय की ऑफिसातला तुमचा मित्र रमजानभर दिवसा पाण्याचा थेंबही घेत नाही, हे त्याला जमतं कसं, त्याच्या आत काय चालू असतं, आणि एक दिवस तुम्हीही करून बघावं का. मी सोलापुरात शाळेत शिकवते. म्हणजे दिवसभर घशाचं काम, वर सोलापूरचं ऊन. "पाणीसुद्धा नाही?" हा प्रश्न स्टाफरूममध्ये दरवर्षी ठरलेला, विचारणाऱ्यांत हरतालिका निर्जळी करणाऱ्या बाईही असतात, याची मला गंमत वाटते.

आधी शरीराचं सांगते. पहाटे फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजची, वेळ सुरू होण्याआधी सहरी, म्हणजे रोज्याआधीचं खाणं, संपवायची, मग थेट सूर्य मावळेपर्यंत काही नाही. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये हे साधारण १३ तास होतात, जूनमध्ये साडेचौदाच्या आसपास. चांद्र वर्ष १०-११ दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. २०१६ साली तो जूनमध्ये सुरू झाला होता, २०२६ मध्ये फेब्रुवारीत. त्यामुळे "रोजे कडक असतात का" याचं उत्तर कुठल्या वर्षी विचारताय त्यावर आहे.

पहिले दोन-तीन दिवस खरा त्रास भुकेचा नसतो, चहाचा असतो. सकाळी दहा-अकराला कपाळ ठणकायला लागतं ते चहा चुकल्यामुळे. भूक तर लाटेसारखी येते. डबा खायच्या वेळेला पोटात खड्डा पडतो, अर्ध्या तासाने तो आपोआप भरल्यासारखा होतो. शेवटी पोटालाही सवय असते, रोज ज्या वेळी मिळतं त्या वेळी ते मागतं. यकृतात साठवलेली साखर दुपारनंतर सरत येते आणि शरीर चरबीकडे वळतं. तोंडाला येणारा वास थोडा त्याचाच असतो. चार-साडेचारला मात्र डोकं हलकं होतं, शब्द पटकन आठवत नाहीत, फळ्यावर लिहिताना हात संथ चालतो. घसा कोरडा पडतो. मुलं विचारतात, "मॅडम, थुंकी पण गिळायची नाही का?" गिळायची असते, बाळांनो. पहिला आठवडा सरला की शरीर कुरकुर करायचं थांबतं. मग खरी ओढाताण झोपेची. रात्री तरावीह, म्हणजे रमजानातली रात्रीची जादा नमाज, पहाटे सहरी, आणि मध्ये जे काय उरेल ते.

व्हॉट्सॲपवर फिरतं तसं "रोज्याने शरीरातली विषं बाहेर पडतात" वगैरे मी सांगणार नाही. ते काम मूत्रपिंडं आणि यकृत बाराही महिने करतात. रोजा तब्येतीसाठी नसतोच. तसा असता तर इफ्तारीला, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडताना, समोसे, भजी आणि रूहअफजा घेऊन रमजानात वजन वाढवणारे इतके लोक मला दिसले नसते.

आता मनाचं. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजसाठी मी वुजू करते, म्हणजे हात-तोंड-पाय धुते. त्यात तीन वेळा तोंडात पाणी घेऊन चूळ भरायची असते. मार्च-एप्रिलच्या दुपारी, सलग तास घेऊन झाल्यावर, थंड पाणी तोंडात आहे, जिभेला लागलंय, गालांना लागलंय. दार बंद. एक घोट गिळला तर जगात कुणालाही कळणार नाही. ओठ तर एरवीही ओलेच दिसणार. आणि मी ते पाणी थुंकते. माझ्यासाठी रोजा हा तिथे असतो, बाकी सगळं त्याच्या भोवतीचं. नमाज लोकांना दिसते, जकात, म्हणजे ठरलेलं दान, घेणाऱ्याला कळते, हजहून आलेल्याला गल्ली हार घालते. रोजा खरंच आहे की नाही, हे फक्त दोघांना ठाऊक. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, अल्लाहचं म्हणणं आलंय की रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचा मोबदला मीच देईन. मोरीतल्या त्या नळापाशी मला ते जितकं पटतं, तितकं कुठलं प्रवचन ऐकून पटत नाही.

याहून अवघड म्हणजे जीभ. खोटं बोलणं आणि तसं वागणं ज्याने सोडलं नाही, त्याच्या अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, अशीही हदीस आहे. कुणी भांडायला आलं तर "मी रोज्याने आहे" एवढंच म्हणावं, अशी शिकवण आहे. साडेपाचला घरात इफ्तारीची घाई, कांदा चिरणं चालू, मुलाने दप्तर वाटेत टाकलेलं, अशा वेळी हे आठवणं मला पाण्यापेक्षा जड जातं. रोज जमतं असं नाही.

बायकांचा रमजान वेगळा असतो, हे पुरुष सहसा लिहीत नाहीत, म्हणून लिहिते. सहरीला सगळ्यांच्या आधी उठायचं आणि दिवसभर उपाशी पोटी तळण काढायचं. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो. ते दिवस नंतर वर्षभरात भरून काढायचे. पण घरातल्या पुरुषांना कळू नये म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटून दोन घास खाणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहतेय. धर्माने सूट दिलीय, लाज आपण घातली. आजारी माणूस, प्रवासी, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई यांनाही सवलत आहे. ज्याला पुढेही कधी जमणार नाही, त्याने एकेका रोज्याच्या बदल्यात एका गरजूला जेवू घालायचं, त्याला फिदिया म्हणतात.

आध्यात्मिक अनुभव म्हणाल तर रोज काही उजेड वगैरे पडत नाही. बरेच दिवस नुसते रेटलेले असतात. तरावीहच्या वीस रकाती, म्हणजे नमाजची वीस आवर्तनं, घरी पढताना कधी लक्ष कुरआनात असतं, कधी उद्याच्या भाजीत. पण शेवटच्या दहा दिवसांत काहीतरी बदलतं. त्यातल्या विषम रात्रींत, म्हणजे २१, २३, २५, २७, २९ या रात्रींत, शबे-कद्र, म्हणजे कुरआन उतरला ती रात्र, शोधायची असते. तोवर शरीर थकून गप्प झालेलं असतं, मागण्या कमी झालेल्या असतात, आणि दुआसाठी हात उचलले की काही मागायचं सुचतच नाही. नुसतं बसून राहावंसं वाटतं. ते मला वर्षभरात दुसऱ्या कशाने मिळत नाही. काही वर्षी तेही मिळत नाही.

तुम्ही एक दिवस जरूर करून बघा. त्याने तुम्ही मुसलमान होत नाही, आणि मित्राला आनंदच होईल. आधीचे दोन दिवस चहा निम्मा करा. सहरीला भाकरी, दही, एखादं केळं घ्या. लोणचं-पापड नको, दिवसभर तहान लागते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. रोज्यातही बोटाला टोचून साखर तपासता येते, आणि ती ७० च्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडायचा. संध्याकाळी मित्राकडेच जा. आधी खजूर, मग पाणी, आणि त्याची मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची, नमाज होईपर्यंत दम धरा. भज्यांवर लगेच तुटून पडलात तर रात्रभर ॲसिडिटी आहेच.