‘बाबा, हिंमत धरा’ म्हणून हिंमत येत नाही

प्रश्न : ताई, बाबा ७८ वर्षांचे आहेत. चार महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडले, हाडबिड काही मोडलं नाही, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, पण तेव्हापासून खुर्ची सोडायला तयार नाहीत. आम्ही रोज सांगतो की बाबा चाला, हिंमत धरा, तुमच्या वयाची माणसं बघा कशी फिरतात. बायको सगळं हातात आणून देते, पाण्याचा ग्लाससुद्धा, तरी तोंड पाडूनच बसतात. परवा तर एकदम ओरडले, “मला माझ्यावर सोडा!” आम्ही अजून काय करायचं?

उत्तर : अजून काही नका करू, थोडं कमीच करा. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला त्या पाण्याच्या ग्लासापाशी अडले.

आधी भीतीचं बघू. पडल्यानंतर पुन्हा पडायची भीती बसणं हे खूप कॉमन आहे, आणि त्यासाठी हाड मोडावंच लागतं असं नाही. माणूस घाबरतो म्हणून कमी चालतो, कमी चालला की मांड्या-पोटऱ्यांची ताकद जाते, या वयात तर ती भराभर जाते आणि परत यायला वेळ लावते, मग तोल खरोखरच जायला लागतो, म्हणजे जी भीती होती तीच खरी ठरते. अशा माणसाला “हिंमत धरा” म्हटलं की त्याला ऐकू काय येतं, तर “तुम्ही उगाच घाबरताय”. आणि ‘तुमच्या वयाची माणसं बघा’ हे वाक्य तर आजपासून बंदच करा. शाळेत शेजारच्या मुलाचे मार्क सांगून आपल्याला कधी हुरूप आला होता का?

त्यांना एकदा सरळ विचारा, “बाबा, परत पडाल अशी भीती वाटते का?” आणि मग गप्प बसा, उत्तर यायला पाच मिनिटं लागली तरी. मधे बोलू नका.

दुसरं, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा, रात्री वाटेत छोटा दिवा राहू दे, घसरणारी पायपुसणी आणि सैल चपला काढून टाका. चष्म्याचा नंबर बघून घ्या. उठल्यावर चक्कर येते का ते डॉक्टरांना सांगा, कारण काहींचं बीपी उभं राहिलं की खाली जातं, आणि बीपीच्या किंवा झोपेच्या काही गोळ्यांनीही तोल जातो (गोळ्या आपल्या मनाने बंद मात्र करू नका). फिजिओथेरपिस्टकडून पायांच्या ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम शिकून घ्या. दहा भाषणांनी होत नाही ते त्या भिंतीवरच्या दांड्याने होतं, खरं सांगते.

आता तो ग्लास. १९७६ साली एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात प्रयोग केला होता. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमचं तुम्ही ठरवा, खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा, आणि हे रोप हवं असेल तर घ्या, पाणी मात्र तुम्ही घालायचं. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं की तुमची सगळी काळजी आम्ही घेऊ, रोपाला पाणीही नर्सच घालतील. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त आनंदी आणि जास्त हलती-फिरती दिसली. एका प्रयोगावरून सगळ्या जगाचा नियम काढू नये हे मलाही कळतं, पण तुमच्या घरात बाबांच्या वाट्याला नेमकं काय उरलंय ते बघा ना. ठरवायचं काहीच नाही, करायचं काहीच नाही. सुनेचं प्रेम खरंच आहे, पण त्या प्रेमाने त्यांना खुर्चीत बांधून ठेवलंय.

म्हणून त्यांना काम द्या, पण खरं काम. मुद्दाम काढलेलं खोटं काम म्हातारी माणसं लगेच ओळखतात. बिलं तपासणं, आठवड्याच्या औषधांची डबी भरणं, दुरुस्तीवाल्याला फोन करून त्याच्याशी हुज्जत घालणं, कपड्यांच्या घड्या. आणि घडी वाकडी झाली तर ती त्यांच्यासमोर परत घालू नका हां, माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत मी नेमकं हेच केलं होतं, त्यांनी नंतर कधीच कपड्यांना हात लावला नाही. कौतुकही लहान मुलाला करतात तसं “शाब्बास!” नको. “काल दारापर्यंत गेलात, आज गॅलरीपर्यंत आलात” एवढं बास.

प्रश्न : आई दिवसातून वीसदा विचारते, “दादा कधी येणार?” मी आधी नीट सांगते, मग ओरडते, मग रात्री रडते. मी वाईट मुलगी आहे का?

उत्तर : नाही गं. दमलेली आहेस.

तू सांगितलेलं तिच्या डोक्यात टिकतच नाहीये, त्यामुळे विसाव्यांदा विचारते तेव्हाही तिच्यासाठी तो पहिलाच प्रश्न असतो. “आत्ताच सांगितलं ना!” याचा म्हणून काही उपयोग नाही. आणि गंमत अशी की शब्द विसरले जातात पण कुणीतरी रागावल्याची ती हुरहुर मागे राहते, कशामुळे ते तिला आठवत नाही, नुसतं वाईट वाटत राहतं. चांगल्या वागण्याचंही तसंच होतं म्हणा. कधीतरी उत्तर देण्याऐवजी “दादाची आठवण येतेय का? लहानपणी कसा होता गं तो?” असं विचारून बघ. तो येणार असेल तो वार मोठ्या अक्षरात समोर लिहून ठेव.

डॉक्टरांना मात्र दाखवच. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, डिप्रेशन, यांनीही विसरभोळेपणा येतो आणि यावर इलाज आहेत. हा गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक वाढला असेल तर त्याच दिवशी ने, वयस्कर माणसांत लघवीच्या इन्फेक्शननेसुद्धा असं होतं. आणि त्या दादालाच सांग की आठवड्यातली एक दुपार आई त्याची. विनंती नको करूस, वार ठरवून सांग.

प्रश्न : मित्राची नोकरी गेलीय, फोन उचलत नाही. काय मेसेज करू?

उत्तर : “काही लागलं तर सांग” सोडून काहीही. ते वाक्य आपल्या समाधानासाठी असतं, तो बिचारा कशाला सांगतोय. “शनिवारी सहाला येतोय, चालायला जाऊ, बोललं नाहीस तरी चालेल” असं लिहा आणि खरंच जा. नोकरीच्या जाहिराती लगेच पाठवत बसू नका. बोलण्यात ‘जगण्यात अर्थ नाही’ असं काही आलं तर विषय बदलू नका, जीव द्यायचा विचार येतो का ते स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरकडे त्याच्याबरोबर स्वतः जा.