दाबलेल्या हवेच्या स्टार्टअपमध्ये जाऊ का?

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सौर आणि पवनवीज दाबलेल्या हवेच्या रूपात साठवणाऱ्या एका स्टार्टअपने मला नोकरी देऊ केली आहे. बॅटरीच्या जमान्यात ही कंपनी लवकरच बंद पडेल, असं बाबांना वाटतं. जाऊ का? आणि तयारी काय करू?

उत्तर : बाबांची शंका रास्त आहे, पण तंत्रज्ञान कोवळं आहे म्हणून नव्हे. जर्मनीत हुंटॉर्फला १९७८ मध्ये आणि अमेरिकेत मॅकिंटॉशला १९९१ मध्ये असे प्रकल्प सुरू झाले. मिठाच्या थरातल्या पोकळीत, वीज स्वस्त असताना हवा कोंबायची आणि मागणी वाढली की ती टर्बाइनवर सोडायची. मात्र दोन्हीकडे हवा सोडताना ती तापवायला नैसर्गिक वायू जाळावा लागतो, कारण दाबताना निर्माण झालेली उष्णता तिथे साठवली जात नाही. तुझ्या कंपनीचं भवितव्य त्या उष्णतेचं ती काय करते, यावर आहे.

आकडे मांडून बघ. २० अंशांची हवा एकाच टप्प्यात ७० बारपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साधारण ७० पट, दाबली आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर तापमान ७०० अंशांच्या पुढे जातं. कॉम्प्रेसरचे सील आणि वंगण हे सोसत नाहीत. म्हणून अनेक टप्प्यांत दाबतात आणि मध्ये हवा थंड करणारे इंटरकूलर लावतात. परतीच्या वाटेवर उलटं होतं. हवा पुन्हा तापवली नाही तर टर्बाइनमध्ये ती शून्याच्या खूप खाली जाते आणि तिच्यातल्या बाष्पाचा बर्फ व्हॉल्व्हवर, पात्यांवर धरतो. उपाय दिसायला सोपा आहे : उष्णता पाण्यात, तेलात किंवा दगडांत साठवून परत द्यायची. पण उष्णतेची ही देवाणघेवाण करणाऱ्या प्रत्येक हीट एक्स्चेंजरमध्ये थोडं तापमान आणि थोडा दाब जातो, आणि टप्पे वाढले की हे तोटे साचत जातात.

दुसरी अडचण टाकीची. ७० बारच्या एक घनमीटर हवेत, कागदावरसुद्धा, जेमतेम ६ युनिट वीज मावते. यंत्रातले तोटे वजा करण्याआधीचा हा आकडा आहे. जमिनीखालची पोकळी न वापरता पोलादी टाक्यांवर भिस्त असेल, तर टाकीचा खर्च कसा बसवणार हे स्पष्ट विचार. अमेरिकेतल्या लाइटसेल एनर्जीने सिलिंडरमध्ये पाण्याचा फवारा मारून उष्णता टिपण्याची चांगली कल्पना मांडली होती. नामवंत गुंतवणूकदारही मिळाले, तरी कंपनीला पुढे टाक्या विकण्याकडे वळावं लागलं. कल्पना पटणं आणि संच वर्षानुवर्षं चालणं यांत फार अंतर असतं.

मुलाखतीत हे विचारायला लाजू नकोस : एकूण कार्यक्षमता, म्हणजे घातलेल्या विजेपैकी किती परत मिळते हा आकडा, मोजलेली आहे की गणिताने काढलेली? मोजली असेल तर मीटर ते मीटर का, म्हणजे पंप, पंखे, हवेचा ड्रायर यांची वीज त्यात धरली आहे का? साठवलेली उष्णता बारा तासांनी किती उरते? टाकी खाली होत जाते तसा दाब घटतो, मग टर्बाइन कशी सांभाळता? टाक्यांची चाचणी पाण्याने होते की हवेने? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हवेने' आलं, तर त्याचं कारण आणि सुरक्षेची व्यवस्था खोदून विचार. पाणी फारसं दबत नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी स्फोटाची ताकद कमी असते. हवेत ती भयंकर असते. उच्च दाबाच्या गरम लाइनमध्ये तेलाचे अंश साचले तर ते पेट घेऊ शकतात, हेही त्यांना ठाऊक असायला हवं.

तयारीसाठी कॉलेजच्या वर्कशॉपमधला साधा कॉम्प्रेसर पुरे. प्रयोगशाळेतल्या सरांच्या देखरेखीखाली टाकीच्या तयार पोर्टवर दाबाचा सेन्सर लाव, आतल्या हवेचं तापमान घे. टाकीला भोक किंवा वेल्डिंग अजिबात नको, सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. टाकी भर, बंद कर आणि नोंदी घेत राहा. गेज ८ बार आणि हवा ६० अंश असेल, तर ३० अंशांवर गेज साधारण ७.२ वर येईल. गळती कुठेच नाही, हवा फक्त थंड झाली. निरपेक्ष दाब (गेजचा आकडा अधिक वातावरणाचा साधारण १ बार) भागिले केल्विनमधलं तापमान हा आकडा स्थिर राहिला तर टाकी ठीक. घसरत असेल तर साबणाचं पाणी घेऊन सांधे तपास. हा आलेख मुलाखतीला घेऊन जा, कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा तो जास्त बोलेल. जोडीला उष्णतावहन आणि धातूचा थकवा हे दोन विषय पक्के कर. रोज भरून रिकाम्या होणाऱ्या टाकीच्या वेल्डमध्ये तडे या थकव्यानेच सुरू होतात.

बाबांना सांगायचं ते हे : कंपनी बंद पडली तरी कॉम्प्रेसर, टर्बाइन, शीतकरण आणि प्रेशर व्हेसल (दाबाच्या टाक्या) या चारही क्षेत्रांत हेच काम लागतं. चालू संच आणि सलग चाचण्यांच्या नोंदी त्यांनी दाखवल्या, तर बिनधास्त जा. नुसतं प्रेझेंटेशन दाखवलं तर आधी सहा महिन्यांची इंटर्नशिप माग, आणि तेवढ्या काळात दुसरीकडचे अर्ज चालू ठेव.