पैसा आणि जागा हवी तेवढी असेल, तर मी काचेआड सावित्री नदी उभी करेन

तुम्ही विचारलंय की पैशाची आणि जागेची कसलीच आडकाठी नसेल, तर स्वप्नातलं मत्स्यालय कसं असेल. माझ्याकडे उत्तर तयार आहे. बावीस वर्षं घरात काचेच्या टाक्या सांभाळतोय, आणि रात्री खोलीतला दिवा मालवून टाकीसमोर बसलो की मनातल्या मनात हेच बांधकाम चालू असतं.

मला शार्क नकोत, प्रवाळ नकोत, डोक्यावरून मासे जातात तो बोगदाही नको. मला एक नदी हवी. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी, पोलादपूर-महाडवरून खाली येणारी आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळणारी अख्खी सावित्री.

माझं आजोळ महाडजवळचं. सुट्टीत अर्धा दिवस नदीवर जायचा. उरलेली सुट्टी मुंबईला काकांकडे, आणि तिथे मरीन ड्राइव्हवरचं १९५१ सालचं तारापोरवाला मत्स्यालय बघायला जाणं ठरलेलं असायचं. मला ते फार आवडायचं. पण सात-आठ वर्षांचा असताना मी काकांना विचारलं होतं, "आपल्या नदीतले मासे कुठल्या पेटीत आहेत?" काकांनी शेवटपर्यंत फिरून शोधले, मिळाले नाहीत. तो शोध माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

अशी कल्पना जगात कुणी केलीच नाही असं नाही. अमेरिकेत चट्टानूगा गावात १९९२ साली टेनेसी अ‍ॅक्वेरियम सुरू झालं. तिथे माणूस आधी सगळ्यात वरच्या मजल्यावर जातो, डोंगरातल्या झऱ्यापाशी, आणि पाण्याबरोबर उतरत उतरत थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत पोचतो. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. आपल्या सह्याद्रीच्या नद्या तर इतक्या थोड्या अंतरात इतक्या उंचावरून उतरतात की हे काम आपल्याकडे जास्त शोभलं असतं.

जागा मी हेरून ठेवली आहे. म्हाप्रळ-आंबेतच्या बाजूला टेकड्या सरळ खाडीत उतरतात. तशी एक टेकडी घ्यायची आणि माथ्यापासून खाडीच्या चिखलापर्यंत टप्प्याटप्प्याने नदी बांधत यायचं. इमारत अशी नाहीच, उतारावर एक लांबलचक पाऊलवाट आणि वाटेच्या एका अंगाला काच. वरून खाली पाणी आपल्या वजनाने येईल. पंपाचं काम एकच, गोडं पाणी खाडीला लागायच्या आत गाळून, थंड करून पुन्हा माथ्यावर नेऊन सोडायचं.

माथ्यावर काळा कातळ आणि त्यावरून पातळ पाण्याचा पडदा. त्याच्या खाली पाण्याने गोट्या घुमवून कोरलेले रांजणखळगे. इथे राहणार मळ्या. बोटभर लांबीचा, मातकट रंगाचा मासा, बाजारात त्याला कुणी विचारत नाही. हनुवटीखाली त्याला एक चकती असते, तिने तो दगडाला धरून राहतो. माझ्या तीन फुटी टाकीत पाच मळ्ये आहेत. पंपाच्या तोंडासमोर, जिथे दुसरा मासा क्षणभर टिकणार नाही, तिथे ते दगडावर पोट टेकून बसतात. ओठांनी शेवाळ खरवडत पुढे सरकतात आणि मागे दगडावर साफ केलेली पट्टी राहते, झाडूने सारवणावर उमटावी तशी. दोन मळ्ये एकाच दगडावर आले तर कुशीने एकमेकांना ढकलतात. मी यांच्याकडे तासन् तास बघू शकतो.

याचं शास्त्रीय नाव गारा मुल्या. हे 'मुल्या' म्हणजे आपलं मळ्याच! कर्नल सायक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनमध्ये होता, त्याने १८३९ साली इथल्या माशांची वर्णनं छापली आणि बऱ्याच माशांना इथल्याच लोकांच्या तोंडची नावं दिली. म्हणून पुण्याच्या मुळा-मुठेवरून वर्णन केलेला महसीर, म्हणजे मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा, जगभर टॉर खुदरी आहे, शिंगटीचं नाव मिस्टस सींगटी आहे, कपाळावर शिंगासारखा उंचवटा असलेला नुकटा शास्त्रातही नुकटाच आहे. नदीवर जाळं टाकणाऱ्या त्या माणसांची नावं कुठे नोंदलेली नाहीत, पण त्यांचे शब्द उरले. माझ्या मत्स्यालयात पाटीवर सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात गावातलं नाव असेल. एकाच माशाला पोलादपुरात एक आणि खाडीकाठी दुसरं म्हणत असतील तर दोन्ही. या पाट्या लिहायला मी नदीकाठच्या म्हाताऱ्या बायका आणि भोई मंडळींना पगारावर ठेवेन. आजी अंधारात टोपलीत हात घालून नुसत्या स्पर्शाने मासा ओळखायची. ते ज्ञान तिच्याबरोबर गेलं.

मधला उथळ, खळाळता भाग करायला सोपा आहे. वाळू, गोटे, वाकलेली करंजाची फांदी, दांडवण या छोट्या माशांचे थवे. तिथे फार थांबत नाही.

थांबायचं ते डोहापाशी.

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. काळ ही सावित्रीचीच उपनदी. कोंड म्हणजे खोल डोह, आणि त्यातले मासे देवीचे, त्यामुळे तिथे कुणी गळ टाकत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा काठावरच्या खडकावर बसून मूठभर चुरमुरे टाकले. आधी नुसतं हिरवट-काळं पाणी. मग खालून एक सावली वर आली, वळली, आणि उन्हात तिची कूस चमकली. एकेक खवला रुपयाएवढा. मग दुसरी, मग मोजता येईनात. हातभर लांबीचे महसीर, आणि इतके निर्धास्त की पाठी पाण्याबाहेर काढत होते. कुठल्याही सरकारी पाटीशिवाय हे मासे पिढ्यान् पिढ्या राखले गेलेत, हे बघून माझे डोळे भरून आले होते.

तसा डोह मला हवा. वीस फूट खोल, एका बाजूला काच, आणि काठावर उंबर आणि जांभूळ. झाडं शोभेची नाहीत, महसीर पाण्यात पडलेली फळं खातो. पिकलेलं उंबर टपकन पडावं आणि तळातून एक मासा तिरका वर यावा, हे काचेच्या पलीकडून, माशाच्या बाजूने बघायचंय. त्यासाठी रोपं लावून कितीही वर्षं थांबायची माझी तयारी आहे.

एक गोष्ट मात्र मी कितीही पैसे असले तरी करणार नाही. दुसऱ्या नदीचे मासे आणणार नाही. महाबळेश्वरच्या एकाच डोंगरातून वेण्णा पूर्वेला जाते आणि सावित्री पश्चिमेला, पण म्हणून वेण्णेचा मासा सावित्रीत सोडायचा नसतो. लोणावळ्यात १९७० च्या दशकात महसीरची कृत्रिम पैदास यशस्वी झाली, ते काम मोठंच होतं. पण तिथली खुदरीची पिल्लं चांगल्या हेतूने कावेरीतही सोडली गेली. तिथला मूळचा मोठा, कुबड असलेला महसीर या पाहुण्यापुढे मागे हटत गेला. शास्त्रज्ञांनी त्याचं नेमकं नाव २०१८ साली नक्की केलं, टॉर रेमादेवी, आणि तोपर्यंत तो नामशेष होण्याच्या काठावर पोचला होता. हे वाचल्यापासून मी माझ्या टाकीतलं पाणीसुद्धा कधी ओढ्यात ओतत नाही. तुमच्याकडे टाकी असेल तर तुम्हीही ओतू नका. कंटाळा आला म्हणून टाकीतला परदेशी सकर मासा नदीत सोडणारे पुष्कळ आहेत.

आता खर्चाचं बोलतो. माझा सगळ्यात मोठा खर्च काचेवर होणार नाही, पावसावर होणार आहे.

आपल्या घरच्या टाकीत बाराही महिने तेच तापमान, तोच प्रवाह, तेवढेच तास दिवा. माशाला वर्ष कळतच नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तिथून निघणाऱ्या नदीतल्या माशाचं आयुष्यच या चार महिन्यांभोवती बांधलेलं असतं. म्हणून माझी नदी फाल्गुनापासून बारीक होत जाईल. वैशाखात खळाळ बंद, गोटे उघडे, मासे डोहात गोळा. आणि जूनमध्ये पाऊस आला की छतं उघडतील. वर साठवलेलं पाणी सोडून प्रवाह दहापट होईल. पाणी थंड होईल, त्यातले क्षार कमी होतील, आणि ते लाल-गढूळ होईल. नव्या पाण्याची ही खूण माशांना समजते.

जुलैत तिकीट काढून आलेल्या माणसाला काचेत चहाच्या रंगाचं पाणी दिसेल. दिसू दे. त्या महिन्यात मासे बघायला तो खाचरापाशी जाईल.

वलगण तुम्ही पाहिली आहे का? मृगाचा मोठा पाऊस झाला की नदीतले मासे अंडी घालायला उलटे चढतात, ओहोळातून, नाल्यातून, बांधाच्या फटीतून थेट भाताच्या खाचरात. आजोबांबरोबर कंदील घेऊन मी बांधावर उभा राहिलोय. पाणी घोट्याच्याही खाली, आणि त्यातून पाठी उघड्या पडलेले मासे गवत हलवत चाललेले, पोटं गाबोळीने फुगलेली. फटाफट शेपट्यांचा आवाज. तेव्हा आम्ही ते टोपलीने भरले. वाडीत सगळेच भरायचे. आज वाटतं, त्या रात्री नुसतं बघत उभं राहायला हवं होतं.

म्हणून डोहाच्या वरच्या अंगाला तीन खाचरं असतील, खऱ्या भाताची, खऱ्या चिखलाची. बांधाच्या जागी गुडघाभर उंच काच आणि तिच्यासमोर बसायला खाली खोदलेला चर, म्हणजे डोळे बरोबर पाण्याच्या पातळीला येतील. रात्री अगदी मंद लाल दिवा. खाचरात पिल्लं वाढतील आणि पाऊस ओसरला की पाण्याबरोबर नदीत परततील. हे एका वर्षी जरी नीट घडलं, तरी माझे सगळे पैसे वसूल झाले.

खाली खाडी. इथलं पाणी मी बनवणार नाही, बाणकोटच्या खाडीचंच आत घेईन आणि बाहेर सोडेन, साधारण सव्वासहा तास भरती आणि तेवढाच वेळ ओहोटी. खारं पाणी जड, ते तळाने आत शिरतं आणि गोडं वरून वाहतं. दोन्ही भेटतात तिथे काचेतून एक थरथरती रेघ दिसते, तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा हलते तशी. मासा तिच्यातून गेला की क्षणभर धूसर होतो. ओहोटीला तिवरांच्या मुळांत चिखल उघडा पडेल आणि निवट्या हे चिखलातले छोटे मासे बाहेर येऊन पंखांवर रांगतील, एकमेकांना पाठीचे पर उभारून दाखवतील. जिताडा इथेच असेल. तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, हे रायगडात जिताडा आवडीने खाणाऱ्या कितीतरी जणांना मी सांगितलंय, कुणाचा विश्वास बसत नाही.

आणि अहिर. सापासारखा लांब मासा. तो समुद्रात जन्मतो, नदीत चढून येतो, वर्षानुवर्षं डोहातल्या कपारीत राहतो आणि अंडी घालायला पुन्हा समुद्राकडे निघतो. त्याला कोंडणं हा अन्याय आहे. म्हणून माझ्या शेवटच्या टाकीला खाडीच्या बाजूने एक दार असेल, पावसाळ्यात उघडं. ज्याला जायचंय त्याने जावं. कुणी बाहेरून आत आला तरी आनंदच आहे. गेल्याची आणि आल्याची तारीख दाराशी टांगलेल्या वहीत लिहून ठेवेन.

उंचच उंच काचेचा मोह मला नाही. बर्लिनच्या एका हॉटेलात अ‍ॅक्वाडोम नावाचा दहा लाख लिटरचा, अ‍ॅक्रिलिकच्या काचेचा उभा स्तंभ होता. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे तो फुटला, पाणी रस्त्यापर्यंत वाहून गेलं आणि सुमारे दीड हजार माशांपैकी जवळजवळ सगळे मेले. ती बातमी वाचून माझे हात थरथरले होते. त्यापेक्षा मी पैसे माथ्यावरच्या राखीव तळ्यात घालेन. कोकणात पावसात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. पंप थांबला की खळाळत्या पाण्याचे मासे काही तासांत गुदमरतात. तळं एवढं हवं की वीज नसताना तीन दिवस नदी नुसत्या उतारावर वाहत राहील.

आणि मासे सोडायच्या आधी दोन वर्षं नुसतं पाणी फिरवायचं. गोट्यांवर शेवाळ चढू दे, वाळूत जिवाणू बसू देत, किडे येऊ देत. टाकी भरून दुसऱ्या दिवशी मासे सोडल्यावर काय होतं ते नव्याने मासे पाळणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेलं असतं. माशांच्या मलमूत्रातून तयार होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणूच तयार नसतात, आणि मासे मरतात.

हे सगळं होईपर्यंत माझ्याकडे पुण्यातल्या गॅलरीला लागून असलेली तीन फुटी टाकी आहे. दर जूनमध्ये, चांगले दोन पाऊस पडून हवा धुतली गेली की गच्चीवर बादल्या ठेवतो. त्यातलं पाणी मगाने, हळूहळू, एका कोपऱ्यातून टाकीत सोडतो. पाचही मळ्ये खायचं थांबतात. मग एकेक करून त्या कोपऱ्याकडे तोंड करतात, काचेला चिकटतात आणि वर सरकायला लागतात. गेल्या वर्षी त्यातला एक पाण्याच्या रेघेच्या चार बोटं वर गेला होता, ओल्या काचेला धरून, कल्ले हलवत. मी मग खाली ठेवला आणि झाकण बंद केलं.